मदत हवी आहे: विरळ अँटीफेरोमॅग्नेटचं सिम्युलेशन डोमेनमध्ये अडकतंय

नांदेडला एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी झिंक मिसळलेल्या आयर्न फ्लोराइडचं मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवर चालणारं) सिम्युलेशन करतोय; हा अँटीफेरोमॅग्नेट, म्हणजे शेजारच्या अणूंचे स्पिन उलट दिशांना असतात, आणि झिंक अचुंबकीय असल्याने तो विरळ होतो. द्रव हीलियम आमच्याकडे नाही, तेव्हा प्रयोग सुचवू नका.

आयसिंग स्पिन (फक्त वर किंवा खाली), बीसीसी जाळी (घनाचे कोपरे आणि मध्य), फक्त जवळच्या शेजाऱ्यांशी जोडणी, 50 टक्के जागा रिकाम्या, म्हणजे झिंकच्या (पर्कोलेशनची मर्यादा, म्हणजे जाळी सलग जोडलेली राहायला लागणारा भरलेल्या जागांचा वाटा, 0.246; तेव्हा तो प्रश्न नाही). चुंबकीय क्षेत्राशिवाय थंड केलं की क्रम (स्पिन आलटून पालटून वर-खाली) नीट येतो. क्षेत्रात थंड केलं की नुसते डोमेन (वेगवेगळ्या क्रमाचे तुकडे), आणि त्यांच्या सीमा रिकाम्या जागांना अशा चिकटतात की हलता हलत नाहीत! तीन मितींत कमी क्षेत्राला क्रम टिकायला हवा, म्हणून हे खरं संतुलन नसावं असं माझं मत.

आणखी सावकाश थंड करून पाहिलं, जाळी मोठी केली, फरक नाही. साधा लॅपटॉपच आहे.

अशा वेळी पॅरलल टेम्परिंग (वेगवेगळ्या तापमानांच्या प्रती एकदम चालवून त्यांची अदलाबदल) पुरेसं पडतं, की एका उपजाळीचे (जाळीच्या एक-आड-एक जागांच्या अर्ध्या भागाचे) स्पिन उलटे मोजून मॅक्स-फ्लोने (आलेखातला कमाल प्रवाह काढणारी पद्धत) थेट ग्राउंड स्टेटच (सर्वात कमी ऊर्जेची रचना) काढावी?