एग डोनर व्हायला नेमकं काय काय लागतं? एक बाई म्हणतेय दहा दिवसांचं काम आहे

गुहागरची_सून

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी गुहागर तालुक्यातली, वय ३४, डिसेंबरात ३५ पूर्ण होतील, एक मुलगा सहा वर्षांचा, नॉर्मल डिलिव्हरी. नवरा बोटीवर जातो म्हणजे जून-जुलैत बंदी असते तेव्हा घरीच, आणि यंदा सासऱ्यांच्या कलमांचा मोहोर सगळा थ्रिप्सने खाल्ला, त्यामुळे घरात काय चाललंय ते तुम्ही समजून घ्या. तर माझ्या माहेरच्या ओळखीतली एक बाई मुंबईला असते ती गावी आली होती, ती म्हणाली एग डोनर हो, म्हणजे मूल न होणाऱ्यांना आपलं स्त्रीबीज द्यायचं, दहा दिवसांचं काम, राहणं-खाणं सेंटरचं, हातात चाळीस हजार. आवडलं तर चार महिन्यांनी परत करता येतं, आणि वयाचं टेन्शन घेऊ नको, आधारचं आपण बघू. हे आधारचं ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

पैशासाठी नाही असं खोटं कशाला बोलू, पैशासाठी आहेच. पण माझ्या नणंदेने मुलासाठी नऊ वर्षं काढली, किती नवस केले, तेही मी बघितलंय, त्यामुळे कोणाला उपयोग झाला तर वाईट काय असंही वाटतं. मला फक्त एवढं सांगा की टेस्ट काय करतात, दुखतं का, माझी बीजं संपून पाळी लवकर जाईल का, आणि उद्या ते मूल मोठं होऊन आमच्या खळ्यात येऊन उभं राहील का. घरात अजून कोणाला बोलले नाहीये.

सिस्टर_लांजा

ताई, मी मूळची लांज्याची, कोल्हापूरला आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या सेंटरमधे आठ वर्षं नर्स होते. आधी त्या बाईचं बोलते मग बाकीचं. २०२२ च्या जानेवारीपासून एआरटी, म्हणजे अशा उपचारांचा, कायदा लागू आहे, त्यात बीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची पाहिजे, आयुष्यात एकदाच देता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. म्हणजे "चार महिन्यांनी परत" हे सरळ सरळ बेकायदेशीर. दलालामार्फत डोनर आणणं हाही गुन्हा आहे आणि स्त्रीबीज विकणं-विकत घेणं हाही. आणि आधारचं बघू म्हणते म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी आधारवर तुला झोपवणार. उद्या टेबलावर काही झालं तर कागदावर तू तिथे नाहीसच, मग नवऱ्याने कोणाकडे जाऊन विचारायचं?

आता टेस्टचं. आमच्याकडे लग्न झालेली आणि स्वतःचं मूल असलेलीच बाई घेत, नवऱ्याचीही सही घेत, सासूची नाही, ते टेन्शन घेऊ नको 😀 रक्तात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), थायरॉईड, शुगर, थॅलेसेमिया. एएमएच नावाची एक टेस्ट असते, अंडाशयात साठा साधारण किती आहे ते त्यातून कळतं. मग आतून सोनोग्राफी. घरात कोणाला काय आजार, मानसिक त्रास, सगळं खोदून खोदून विचारतात, तिथे लाजून काही लपवू नकोस, ज्याच्या पोटी ते मूल जाईल त्याचा विचार कर.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शन सुरू, रोज ठरल्या वेळेला पोटाच्या कातडीखाली, दहा-बारा दिवस. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. बीजं तयार झाली की शेवटचं ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत पिकअप. थोडी भूल देतात, योनीमार्गातून सोनोग्राफीवर बघत सुईने काढतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, टाका नाही, संध्याकाळी घरी. दुखतं म्हणजे पाळीसारखं, एक-दोन दिवस.

बीजं संपत नाहीत. दर महिन्याला बरीच बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पिकून बाहेर पडतं आणि उरलेली आपोआप सुकून जातात, इंजेक्शन त्या सुकणाऱ्यांनाच वाढवतं. तुझ्या कलमासारखंच बघ, मोहोर किती आणि धरतात किती. (थ्रिप्सचं वाचून वाईट वाटलं, आमच्याकडेही तेच.)

मांडवी_पॅसेंजर

सिस्टरनी सगळं बरोबर लिहिलंय पण "पाळीसारखं दुखतं" याला माझा आक्षेप आहे. मी कायदा यायच्या आधी दिलंय, मुंबईत, सेंटरचं नाव घेत नाही. तेव्हा सात-बितचं बंधन नव्हतं, माझी बावीस काढली, आणि बावीस निघाली म्हणून तिथला स्टाफ खूश आणि मीपण खूश, येडी. दुसऱ्या दिवशी मांडवी एक्सप्रेसमधे बसले तर पनवेल सोडेपर्यंत सलवारची नाडी सैल करावी लागली, खेडपर्यंत पोट घागरीएवढं, श्वास लागायला लागला, लघवी होईना. चिपळूणला उतरून दिराने थेट दवाखान्यात नेलं, पाच दिवस ॲडमिट, पोटात पाणी झालेलं. सेंटरला फोन केला तर म्हणे ताक प्या, आराम करा. दवाखान्याचं बिल आमच्याच बोडक्यावर, म्हणजे मिळाले त्यातले निम्मे तिथेच गेले. त्यामुळे पिकअप झाल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नकोस, निदान दोन-तीन दिवस तिथेच कोणाकडे तरी राहा. एस्टीने कुंभार्ली उतरायचा तर विचारही करू नकोस.

सिस्टर_लांजा

@मांडवी_पॅसेंजर ताई, तुझा आक्षेप मान्य. तुला झालं त्याला ओएचएसएस म्हणतात, म्हणजे इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर फुगणं, आणि त्यात ताक पुरत नाही. वजन पटापट वाढणं, लघवी कमी, धाप लागणं, उलट्या, यातलं काहीही झालं तर ताबडतोब दवाखाना. आता डोनरला वेगळं ट्रिगर इंजेक्शन देतात त्यामुळे हे प्रमाण खूपच कमी झालंय, पण शून्य नाही. शिवाय रक्तस्राव, इन्फेक्शन, अंडाशयाला पीळ पडणं, हे क्वचित होतं पण होतं. म्हणून त्या दिवसात जड घागरी उचलणं, धावपळ बंद. नवऱ्याजवळही जायचं नाही, नाहीतर दान बाजूला राहील आणि तुलाच दिवस जातील, एवढी बीजं तयार असतात.

बिलाचं म्हणशील तर कायद्याने १२ महिन्यांचा विमा डोनरच्या नावाने काढावा लागतो, त्याचा खर्च बीज घेणाऱ्या जोडप्याने करायचा. त्या पॉलिसीचा कागद हातात आल्याशिवाय पहिलं इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही, मग तिथली मॅडम कितीही गोड बोलू दे.

सातच्या नियमावर डॉक्टर लोक कुरकुर करतात, कारण सुई घालेपर्यंत अंडाशयातल्या कुठल्या पिशवीत बीज आहे नि कुठली रिकामी हे कळत नाही, आणि सातातली काही कच्चीही निघतात. त्यांचं खोटं नाही. पण मांडवीताईंचं वाचल्यावर मला विचाराल तर असू दे तो नियम.

रत्नांग्रीकर_७७

देवाने दिलेलं असं विकायचं नसतं. गरिबी आम्हीपण बघितली आहे.

वेंगुर्ल्याचा_बापूस

रत्नांग्रीकरांनू, तुमका पोरां किती? आमका बारा वर्सां नाय होता. बायलेची बीजां चाळिशीच्या आधीच संपली, डॉक्टरान सांगितल्यान दुसऱ्या बाईचा बीज घेवचा लागतला. आता झील दोन वर्सांचो आसा, खळ्यात कोंबड्यांच्या फाटसून धावता. ती बाय कोण, खयची, आमका म्हायत नाय, आमी कोण ता तिका म्हायत नाय. ब्लड ग्रुप, उंची, रंग, शिक्षान, इतक्याच सांगितल्यानी. गणपतीत आरती झाली काय माझी बायल एक नारळ वेगळो ठेवता, कोणासाठी ता कोणाक सांगणा नाय. गो गुहागरच्या वैनी, तू दी नायतर देव नको, पण त्या एजंटाच्या नादाक लागा नको.

कोर्टाची_पायरी

मूल दारात येईल का याचं उत्तर राहिलं. मी रत्नागिरीत वकिली करते. कायद्यात स्पष्ट आहे की जन्मलेलं मूल त्या जोडप्याचंच, डोनरचा त्या मुलावर काही हक्क राहत नाही. मुंबई हायकोर्टातलं ऑगस्ट २०२४ चं प्रकरण बघा, जुळ्या मुलींसाठी बीज बायकोच्या सख्ख्या बहिणीने दिलेलं, पुढे नवरा-बायकोचं फाटलं आणि नवरा म्हणायला लागला मुलींची खरी आई मेहुणी. कोर्टाने ते उडवून लावलं आणि आईला मुलींना भेटायची परवानगी दिली. तुमची माहिती गुप्त ठेवावी लागते, सरकारी रजिस्ट्री सोडली तर बाहेर जाते ती जोडप्याने मेडिकल इमर्जन्सीत मागितली किंवा कोर्टाने हुकूम केला तरच. मात्र बँकेकडे तुमचं नाव, आधार, पत्ता किमान दहा वर्षं नोंदलेला राहणार आणि पुढे ती नोंद सरकारी रजिस्ट्रीकडे जाणार, तेवढं मनाशी पक्कं असू द्या. आणि क्लिनिक वेगळं, एआरटी बँक वेगळी. डोनरची तपासणी आणि नोंद बँक करते, तिचं रजिस्ट्रेशन सरकारी साईटवर बघता येतं. संमतीपत्र मराठीत मागा, वाचून मगच सही.

गुहागरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, वेंगुर्ल्याच्या दादांचं वाचून डोळ्यात पाणी आलं, त्या नारळाचं. काल रात्री नवऱ्याला सांगितलं, आधी गप्पच बसला, मग म्हणाला तुझं शरीर आहे तू ठरव, पण ती बाई नको. आज सकाळी तिला फोन करून बँकेचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर म्हणाली तुला कोणी भडकवलं, विम्याचं विचारल्यावर फोनच ठेवला, आणि आता व्हॉट्सअपवर डीपीपण दिसत नाहीये. आता कोल्हापूर की मुंबई, कुठे बरं पडेल? आणि सिस्टर अजून एक, ती इंजेक्शनं घरी आणून घेता येतात का, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टर ओळखीच्या आहेत?

सिस्टर_लांजा

क्लिनिकचे डॉक्टर परवानगी देत असतील तर चालतं, पण काही इंजेक्शनं फ्रीजमधे २ ते ८ डिग्रीत लागतात आणि पावसात गुहागरला लाईट किती वेळ असते ते तुला माहीत आहे. मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेवायची नाहीत हां, गोठून फुकट जातील, एकीने खरंच केलं होतं. तुला डिसेंबरात ३५ होतील, त्यामुळे करायचंच असेल तर फार लांबवू नकोस. आधी नुसती एएमएच आणि सोनोग्राफी करून घे, कदाचित तिथेच नाही म्हणतील. कोल्हापूर की मुंबई ते मेसेजमधे बोलू.