सगळ्या मुलीच असलेल्या विद्यापीठात समतेचं धोरण: सुरुवात कुठून करू?

जास्वंद७
नमस्कार. मी एका महिला विद्यापीठात शिकवते. (नाव सांगत नाही, ओळखीचे बरेच जण आहेत इथे.) लिंगभाव समता आणि समावेशनाचं धोरण लिहिणाऱ्या समितीवर माझी वर्णी लागली आहे. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "इथे सगळ्या मुलीच. समता कोणाशी?" सगळे हसले, मीही हसले, पण मसुदा तिथेच अडलाय. इतर विद्यापीठांची धोरणं चाळली तर मुलींची संख्या वाढवा, मुलींसाठी विश्रांतिकक्ष करा, हेच. आमच्याकडे ते सगळं आहेच. शिवाय मध्यंतरी एक ट्रान्स मुलगी (जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःची ओळख मुलगी अशी असलेली) प्रवेशाची चौकशी करून गेली. तिला काय सांगायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कुणी असं धोरण केलंय का?

कट्टेकर
महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेच समावेशन. आता जे चाललंय ते नॅकच्या (विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात गुण मिळवायला. एक फाइल करा, फोटो लावा, सुटा.

निवृत्त_कक्षअधिकारी
जास्वंदताई, फाइल तर होईलच, ती आमच्यासारखे लोक करून देतात. :) नोकरीभर विद्यापीठाच्या प्रशासनातच होते, आधी परीक्षा विभाग, मग शैक्षणिक. धोरण कुणी वाचत नाही, अर्ज मात्र प्रत्येकीला भरावा लागतो. म्हणून तुमच्या विद्यापीठातले सगळे छापील अर्ज आणि वसतिगृहाची नियमावली आधी टेबलावर मागवा.

त्या बाईंचा प्रश्न मला चेष्टेचा वाटत नाही. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे लैंगिक छळ प्रतिबंधाचे विनियम काढून बघा. सुरक्षेचं कारण पुढे करून मुलांच्या तुलनेत मुलींच्या वसतिगृहांना भेदभावाचे नियम लावू नयेत, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण तुमच्याकडे मुलांचं वसतिगृहच नाही! तुलना करणार कोणाशी? मग संध्याकाळी फाटक कितीही लवकर बंद करा, बाहेर जायला वडिलांची सही मागा, विवाहितेकडून नवऱ्याची मागा, भेदभाव म्हणून बोट ठेवायला जागा राहत नाही. तुमच्या धोरणाचं खरं काम इथे आहे. 'मुलांच्या तुलनेत' हे शब्द सोडा आणि 'सज्ञान नागरिक म्हणून' असं लिहा. अठरा पूर्ण झालेली मुलगी मतदान करते, तिने रेक्टरना कळवून बाहेर जावं, सही कुणाची नको. यावर बैठकीत वाद होईल. होऊ द्या.

दुसरं, बाळंतपण. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत संशोधक स्त्रीला पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, शिवाय मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत. ते सहसा पाळलं जातं. घोटाळा खालच्या वर्गांत होतो. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही रजेचे, हजेरीतल्या सवलतीचे नियम करा, असं यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं. तुमच्याकडे झालेत का ते शैक्षणिक विभागात विचारा. "प्रकरण आलं की बघू" असं उत्तर मिळालं तर झाले नाहीत असं समजायचं. प्रकरण येत नाही हो, मुलगी गुपचूप वर्ष सोडते आणि आमच्या नोंदीत 'गैरहजर' उरते.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचंही बघा. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख हे तिच्यावर नसावेत, असं त्याच २०१५ च्या विनियमांत आहे. महिला संस्थांत "सगळ्या आपल्याच बायका" म्हणून हे सैल सोडलं जातं. विभागप्रमुख बाई समितीवर असतील तर त्यांच्याच विभागातली मुलगी तक्रार घेऊन येईल का? आणि कंत्राटी सफाई कामगार बायकांना ही समिती आपलीही आहे हे कुणी सांगितलंय का, तेही विचारा.

सायली_एमए२
विद्यार्थिनी म्हणून एक. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. घोषणा ऐकून सगळ्यांना वाटतं आता मुलींचं शिक्षण फुकट. मी साधं एमए करते, मला त्यातलं काही लागू नाही, आणि ज्यांना लागू आहे त्यांचीही खोली आणि मेसचा खर्च सुटलेला नाही. 'सगळ्या मुली' एक नसतात, एवढं धोरणात येऊ द्या.

कट्टेकर
ते ठीक. पण ट्रान्स मुलींना घेतलंत तर महिला विद्यापीठाला अर्थ काय राहिला? उद्या कोणीही येईल.

निवृत्त_कक्षअधिकारी
कट्टेकर, 'कोणीही' नाही येत. आम्ही साधा जातीचा दाखला तपासताना काय काय बघायचो ते विचारू नका. स्वतःची लिंग-ओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना ट्रान्सजेंडर व्यक्तींशी भेदभाव करायला बंदी आहे. आणि गंमत बघा. अण्णासाहेब कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली ती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. त्याच विद्यापीठाने २०२४ पासून ट्रान्स मुलींना प्रवेश खुला केला. अमेरिकेत माउंट होल्योक या महिला महाविद्यालयाने तो २०१४ मध्येच केला होता. दोन्ही अजून महिलांच्याच संस्था आहेत.

उलट कोरियात २०२० मध्ये सूकम्योंग महिला विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या एका ट्रान्स मुलीने विरोध बघून प्रवेश सोडला. म्हणजे नुसता प्रवेशाचा नियम करून भागत नाही. जास्वंदताई, वसतिगृहात खोली कोणती आणि हजेरीपटावर नाव कोणतं, हेही आधी ठरवून ठेवा. मुलगी दारात उभी असताना ठरवायला बसू नका.

जास्वंद७
सगळ्यांचे आभार. वसतिगृहाची नियमावली आजच मागवली. 'वडील/पती यांची स्वाक्षरी' असा रकाना तीन अर्जांवर आहे. मॅडम, हा रकाना काढायचा तर ठराव विद्या परिषदेत न्यायचा की व्यवस्थापन परिषदेत?

निवृत्त_कक्षअधिकारी
आधी तो कुठल्या ठरावाने आला ते शोधा. बहुतेक सापडणारच नाही. मग कुलसचिवांच्या परिपत्रकावरही काम होतं का, ते बघा.