लीआन वूड यांचं विरोधी पक्षनेतेपद मधेच कसं गेलं?

भुईकोट:
रविवारी सोलापुरात आमच्या अभ्यासमंडळात वेल्सच्या विधिमंडळावर बोलायचंय, आणि गाडी लीआन वूड यांच्यापाशी अडलीय. मे २०१६ च्या निवडणुकीनंतर त्या विरोधी पक्षनेत्या, मग पुढची निवडणूक २०२१ ला असताना २०१७ मध्येच अँड्र्यू आर. टी. डेव्हिस त्या जागी कसे? आणि त्या फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या मुख्यमंत्री) होता होता राहिल्या म्हणतात, ते खरं का? आकडे धरून सांगा की.

शेंगाचटणी:
खरंय. तेव्हा एकूण जागा ६०. लेबर २९, वूड यांचा प्लाइड कम्री (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) १२, कॉन्झर्व्हेटिव्ह ११, यूकिप (ब्रेक्झिटवादी पक्ष) ७, लिबरल डेमोक्रॅट १. अध्यक्ष एलिन जोन्स (प्लाइड) आणि उपाध्यक्ष अ‍ॅन जोन्स (लेबर) मतदान करत नाहीत, ते दोघे वजा करा. ११ मे २०१६ ला फर्स्ट मिनिस्टरपदाच्या मतदानात लेबरचे नेते कार्विन जोन्स यांना लेबरची २८ आणि लिबरल डेमोक्रॅट कर्स्टी विल्यम्स यांचं १, म्हणजे २९. वूड यांना प्लाइडची ११, कॉन्झर्व्हेटिव्ह ११, यूकिप ७, तीही २९. बरोबरी! पुढच्या आठवड्यात लेबर आणि प्लाइडचा समझोता झाला, मग १८ मे ला जोन्स निवडले गेले. लोक इथे दोन जोन्स बाया विसरतात आणि बेरीज ६० ला भिडवायला बसतात.

होटगी नाका:
पद गेलं ते याच बारीक फरकामुळे. तिथे विरोधी पक्षनेता म्हणजे सरकारबाहेरच्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता. आपल्याकडचा दहा टक्क्यांचा संकेत मनातून काढा. २०२४ नंतर महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २९ कोणालाच जमले नाहीत, तो घोळ तिथे नाही. प्लाइड १२, कॉन्झर्व्हेटिव्ह ११, एवढ्या एका सदस्यावर वूड यांची खुर्ची टिकून होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये डाफिद एलिस-थॉमस प्लाइडमधून बाहेर पडले, ११-११ झालं. माणूस साधा नव्हे, पक्षाचेच माजी नेते. एप्रिल २०१७ मध्ये यूकिपकडून निवडून आलेले मार्क रेकलेस कॉन्झर्व्हेटिव्ह गटात शिरले, पक्षाचे सदस्य न होता. गट १२ चा झाला, पद त्या गटाचे नेते डेव्हिस यांच्याकडे. आपल्या पक्षांतरबंदीच्या चष्म्यातून हे दिसणारच नाही.

एक पथ्य पाळा: विरोधी पक्षनेतेपद वेगळं, पक्षाचं नेतृत्व वेगळं. पक्षाच्या त्या मार्च २०१२ पासून नेत्या, तिथल्या पहिल्या महिला. ते गेलं सप्टेंबर २०१८ मध्ये, पक्षांतर्गत निवडणुकीत: अ‍ॅडम प्राइस जिंकले, रुन अप योरवर्थ दुसरे, वूड तिसऱ्या.

कडकभाकरी:
मतदारसंघाचंही घ्या. २००३ पासून त्या साउथ वेल्स सेंट्रलच्या प्रादेशिक यादीतून (प्रदेशभर पक्षाला पडलेल्या मतांवर मिळणाऱ्या जागांतून) येत होत्या. २०१६ ला ऱ्हॉन्डात थेट उतरून लेबरचे मंत्री लेटन अँड्र्यूज यांना ३,४५९ मतांनी पाडलं. जुना लेबरचा गड, म्हणून हा विजय मोठा. २०२१ ला तोच मतदारसंघ बफी विल्यम्स यांनी लेबरकडे परत नेला आणि वूड सभागृहाबाहेर.

यादीचं गणित विचारलं तर: पक्षाची प्रादेशिक मतं भागिले (त्या प्रदेशात आधी मिळालेल्या जागा + १), मोठा भागाकार त्याची जागा, असं प्रदेशाच्या चार यादी-जागांसाठी चारदा. थेट जागा जास्त जिंकलेल्या पक्षाला यादीत कमी मिळतं ते त्यामुळेच. पण ही ४० थेट आणि २० यादीची पद्धत २०२१ पर्यंतचीच सांगा. २०२६ पासून ९६ सदस्य, १६ मतदारसंघ, प्रत्येकी ६, सगळे यादीतून.