‘बोग व्येस्त’मधला व्येस्त: बातमी की जाणणं?

अनुवादिनी: एका रशियन कथेचा अनुवाद करते आहे. खेड्यातली म्हातारी परागंदा मुलाबद्दल म्हणते, ‘बोग व्येस्त, कुठे आहे तो.’ बोग म्हणजे देव, व्येस्त म्हणजे बातमी. म्हणून मी ‘देवाकडेच त्याची बातमी’ असं लिहिलं. मैत्रिणीने ते खोडलं. तिच्या मते हे नाम नसून क्रियापद आहे. पण ‘त्याला ठाऊक आहे’ याला रशियनमध्ये ‘झ्नायेत’ म्हणतात ना?

धातुपाठी: मैत्रीण बरोबर आहे. अभ्यासकांनी आदि-स्लाविकसाठी (रशियन, पोलिश वगैरेंची मूळ भाषा) ‘*वेदेति’ (जाणणे) हे क्रियापद पुनर्रचित केलं आहे. चालवून बघा: वेमि, वेसि, वेस्ति, वेमु, वेस्ते, वेदेंति. ‘वेसि’ सोडून शेवटचे इ-उ अगदी ओझरते. धातू वेद्. ‘वेद् + ति’मध्ये स्लाविकने द् चा स् केला, संस्कृतात ‘वेत्ति’ झालं. असे थेट ‘मि’ लागणारे धातू तिथे जेमतेम पाच. पोलिश लोक आजही रोज व्येम, व्येश, व्ये म्हणतात. रशियनने ‘झ्नात’ (आपला ज्ञा) धरला आणि हे रूप अशा एखाद्या ठरीव प्रयोगात अडकून राहिलं. बातमीचा ‘व्येस्त’ही याच धातूचा, म्हणून गल्लत होते.

कोयनाकाठ: म्हणजे रशियन संस्कृतातूनच निघाली!

धातुपाठी: नाही हो. दोघींची आजी एक, एवढंच. वेद म्हणजे मुळात ‘पाहिलं आहे’, म्हणून ‘ठाऊक आहे’. संस्कृतात ‘मी जाणतो’साठी ‘वेद्मि’च्या जोडीला ‘वेद’ आहे, तसं जुन्या चर्च स्लाविकमध्ये (सर्वांत जुनी लिखित स्लाविक भाषा) ‘वेमि’च्या जोडीला ‘वेदे’. ही जोडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रात्रभर जागा होतो.

पाटीपेन्सिल: आम्हाला रशियनच्या वर्गात सांगितलं होतं की अस्वल, ‘मेद्व्येद’, म्हणजे मध जाणणारा. तोच वेद् ना?

धातुपाठी: तो अद्, खाणे. मध खाणारा. ऋग्वेदात (१.१६४.२२) पक्ष्यांना ‘मध्वदः’ म्हटलंय, तोच समास.

शुद्धमती: मग अनुवादातही तोच धातू (संस्कृतात विद्) राखा. ‘देवासच विदित.’

कोयनाकाठ: खेड्यातली म्हातारी ‘विदित’ म्हणेल? सरळ ‘देव जाणे’ लिहा.

शुद्धमती: बोलीत आहे तेवढंच लिहायचं ठरवलं तर भाषा आटत जाईल. विदित हा आपलाच शब्द आहे.

तिसरी घंटा: ‘देव जाणे’ नीट बघा. हे ‘जाणे’ जुन्या मराठीतलं वर्तमानकाळाचं रूप. आज आपण ‘जाणतो’ म्हणतो, ‘तो जाई, तो करी’ भूतकाळात गेले. पण ‘देव जाणे’, ‘कोण जाणे’ यांत जुना वर्तमान जिवंत आहे. रशियनमध्ये देवाशेजारी जुनं रूप टिकलं, मराठीतही देवाशेजारीच. धातू वेगळा असेना, याहून नेमका अनुवाद नाही.

शुद्धमती: रूपाचं पटलं. धातूचं नाही.

पाटीपेन्सिल: आमची साताऱ्याकडची आजी ‘देवाला ठावं’ म्हणायची. हे ‘ठावं’ म्हणजे ‘ठाव लागणे’तला ठाव का? एखाद्या गोष्टीची जागा सापडली की ती ठाऊक झाली, असं मला वाटत आलंय.

कोयनाकाठ: ठाव म्हणजे तळही. विहिरीचा ठाव.

धातुपाठी: मग ‘ठाऊक’मधला क कुठला?