अनुभव धागा : उघड्यावरचे फोटो आणि उजेडाची दिशा

मंडळी, कॅमेरा कुठला, लेन्स कुठली हे या धाग्यापुरतं बाजूला ठेवूया. उजेड कुठून येत होता आणि त्यासाठी तुम्ही कुठे उभे राहिलात, तेवढं लिहा. मोबाइलवाल्यांनीही जरूर लिहा. सुरुवात मी करतो.

जेजुरीत सोमवती अमावास्येला भंडारा उधळतात, तेव्हा बहुतेक जण सूर्याकडे पाठ करून फोटो काढतात. त्यात हवेतली हळद सपाट दिसते. मी उलट बाजू धरतो. ऊन उधळणीच्या मागून आलं की कण न् कण उजळतो. मागे सावलीतली कमान मिळाली तर सोन्याहून पिवळं! सूर्य थेट भिंगात येऊ नये म्हणून एखाद्या दीपमाळेचा आडोसा घेतो. चेहरे काळवंडतात, मला ते आवडतं. ज्यांना चेहरे हवेत त्यांनी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) एखाद्या स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवावं.

*

पक्ष्यांसाठी मात्र सूर्य पाठीशीच हवा. भिगवणला हिवाळ्यात सकाळी मी नावाड्याला आधीच सांगून ठेवते, दादा, होडी थव्याच्या पूर्वेला घ्या. कोवळं ऊन समोरून पडलं की रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) गुलाबी रंग खुलतो, डोळ्यात चमक येते. मागे गडद पाणी असलं की कॅमेरा फसतो आणि पांढरी पिसं जळतात (तपशील जाऊन नुसती पांढरीफटक येतात), म्हणून तिथे एक्स्पोजर उणे करते. आणि कळकळीची विनंती, उजेड कितीही सुंदर असो, थवा उडेल इतकी होडी जवळ न्यायला लावू नका.

*

कासला ऊन नकोच. ‘सीतेची आसवं’सारखी इवली रानफुलं उन्हात चट्ट्यापट्ट्यांची दिसतात. ढगाळ हवेत उजेड आभाळभरून झिरपत येतो, निळा-जांभळा रंग शाबूत राहतो. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर (चकाकी अडवणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर) फिरवून कमी करायची आणि पांढरंफटक आभाळ चौकटीबाहेर ठेवायचं.

*

मी लंडनला असते. इथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम 15 अंश वर येतो, त्यामुळे जो काही थोडा दिवस मिळतो त्यात ऊन सतत तिरपं. ढग नसले तर दुपारी बारालाही भिंतींचा पोत छान उठून दिसतो. मे महिन्यात कोकणात घरी गेलं की सगळं उलटं, सूर्य थेट डोक्यावर आणि डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली. मग आजीला पडवीच्या अगदी कडेला, अंगणाकडे तोंड करून बसवते. ती स्वतः सावलीत असते, पण अंगणात पडलेलं ऊन जमिनीवरून उसळून तिच्या चेहऱ्यावर खालून येतं. सुरकुत्या मऊ दिसतात. जांभ्याचं अंगण असल्याने हनुवटीखाली तांबूस झाक येते, ती घालवावी का?

*

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र (धुक्यात दिसणारं गोल इंद्रधनुष्य) टिपायचं असेल तर सूर्य पाठीमागे आणि धुकं समोर दरीत हवं. कडा पश्चिमेकडे असल्याने सकाळी कड्यावर हजर राहा. बाकी नशीब.

*

लंडनच्या ताई, ती झाक मुळीच घालवू नका. फार खुपलीच तर आजीच्या पुढ्यात, चौकटीबाहेर, पांढरं धोतर किंवा चादर अंथरा. उजेडही थोडा वाढेल. पुढच्या मे महिन्यातला प्रचि (प्रकाशचित्र) इथेच टाका, वाट पाहतो.