मुंग्यांची वाट आणि फितूर नोड

सेन्सर नेटवर्कमध्ये अँट कॉलनी (मुंग्यांसारखी वाट शोधणारी पद्धत) वापरलं की राउटिंग, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा ते ठरवणं, आपोआप सेफ होतं असं कोणीतरी म्हटलंय, ते नाही पटलं. मार्को डोरिगो या संशोधकाने १९९२ च्या थिसिसमध्ये मांडलेली ही पद्धत जवळची वाट शोधायला आहे, चोर पकडायला नाही. समजा देवगडात हापूसच्या बागेत ओलावा मोजून एकमेकांमार्फत डेटा पुढे पाठवणारे नोड (छोटी वायरलेस यंत्रं) लावलेत नि त्यातला एक फितूर झाला, तो बोंबलत सांगणार बेस स्टेशन (सगळा डेटा जमा होतो ती जागा) माझ्या बाजूलाच आहे, मग सगळ्यांचं फेरोमोन (मुंग्यांच्या वासाच्या खुणेसारखा वाटेला दिलेला आकडा, जास्त तितकी ती वाट पसंत) त्याच्याच वाटेवर चढणार आणि डेटा तिथेच गडप, यालाच सिंकहोल हल्ला म्हणतात. त्यामुळे शेजाऱ्याने पॅकेट खरंच पुढे पाठवलं का ते ऐकून मगच फेरोमोन वाढवा. सतत ऐकत बसलं तर बॅटरी खलास होते, अधूनमधून ऐकलं तरी पुरे. आणि बाष्पीभवनाचा दर (फेरोमोन आपोआप ओसरण्याचा वेग) अगदी कमी ठेवू नका हो, खोटी वाट पुसली जायला वेळ लागतो.