आयआयटीतल्या मुलींच्या वाढीव जागा: नक्की कुणाच्या पोटात दुखतंय?

झणझणीत_मिसळ: "मुलींना वेगळ्या जागा देऊन आयआयटीने मुलांच्या तोंडचा घास काढला, मुलींना मुळात आवडच नसते" असं काल एकाने ठोकून दिलंय. गप्प बसणार होते, राहवलं नाही. अहो, त्या जागा सुपरन्यूमररी आहेत, म्हणजे आधीच्या जागांवर जादा! मुलांची एकही कमी झालेली नाही. मुलींच्या वाट्याचं लक्ष्य २०१८ ला १४ टक्क्यांपासून सुरू, २०२० ला २० टक्के. त्याआधी मुली होत्या जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास. आणि आवड? जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी बीएस्सीला मुंबई विद्यापीठात पहिल्या. तरी १९३३ मध्ये बंगळुरात भारतीय विज्ञान संस्थेच्या सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेशाला नकार दिला. हटून बसल्या तेव्हा कुठे वर्षभराच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. आता बोला.

काटकोन: १९३३ किती दिवस पुरवणार? माझा मुलगा क्लाससाठी दोन वर्षं राजस्थानात कोटा शहरात राहिला, कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं. त्याच्याच बॅचच्या मुलीला कितीतरी मागच्या रँकवर मिळालं. त्याला समजवा तुमचं सुपरन्यूमररी.

झणझणीत_मिसळ: ती नसती तरी त्याला मिळालं नसतं. साधी बेरीज आहे. जेईईवाल्या घरात एवढी बेरीज यायला हरकत नाही.

काटकोन: घरावर जायचं काम नाही.

वर्कशॉपवाली: जागांचं राहू द्या. मी मेकॅनिकलची. होस्टेलचं गेट नऊला बंद, मुलं मात्र बारा-बारापर्यंत वर्कशॉपमध्ये. स्पर्धेच्या गाडीचं वेल्डिंग मी करायचे. रात्री टेस्टिंग व्हायचं आणि सकाळी कळायचं, माझा ब्रॅकेट ग्राइंडरने उडवलाय. का, ते सांगायलाही कुणी नाही. दहा मिनिटं उशीर झाला तर रेक्टरबाई वडिलांना फोन लावायच्या.

आजोबा_ठाणेकर: वेळ सुरक्षिततेसाठी असते. काही झालं तर कॉलेजलाच जाब विचाराल.

वर्कशॉपवाली: मग मुलांना कोंडा नऊला. भीती कुणाची आहे?

आजोबा_ठाणेकर: काहीही! आमच्या वेळी मुली सातच्या आत घरात असायच्या, शिकल्याच ना?

झणझणीत_मिसळ: किती शिकल्या, काका? तुमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात किती होत्या?

आजोबा_ठाणेकर: दोन. एक लग्न ठरल्यावर सोडून गेली. पण विषय तो नाही.

काटकोन: गेटचं मान्य. धाकटी पुण्यात आहे, तिचं साडेआठलाच बंद होतं. शनिवारी जाऊन रेक्टरशी बोलतो. जागांचं अजिबात पटलेलं नाही, उगाच खूश होऊ नका.

वर्कशॉपवाली: बोलून काही होत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि आणखी चार पालकांच्या सह्या आणा.